तुरटीचं पाणी

भूमेश्वरी ही अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातली आशाताई. दहावी पास, दोन लेकरांची आई. नवरा तिलक राइस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर. गावात कुणाला दिवस गेले, कुणाच्या बाळाची लस राहिली, हे तिला त्या घरातल्या माणसांआधी कळायचं. दवाखान्यात यायला लाजणाऱ्या बाईला ती हाताला धरून न्यायची. "लाजाचं काय आहे वं त्याच्यात?" म्हणायची.

२०११च्या थंडीत तिच्याच अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं जायला लागलं. खाज नाही, दुखणं नाही, पण वास. शेतातली बोडी, म्हणजे लहान तळं, आटल्यावर चिखलात उरलेल्या मासळीचा येतो तसा. पाळी झाल्यावर आणि नवऱ्याजवळ गेल्यावर तो जास्तच यायचा.

उपकेंद्रातल्या नर्सबाई तिच्या रोजच्या ओळखीच्या. त्यांना ती बोलली नाही. गावभर फिरणारी बाई, कुठून तरी घेऊन आली, असं लोक म्हणतील याची तिला धास्ती होती. कधी तिलकच्या रायपूरच्या फेऱ्या मनात यायच्या, आणि आपण नवऱ्यावर असा संशय घेतला म्हणून ती आणखीच शरमायची. आशाताईंच्या महिन्याच्या सभेत ती दाराजवळची जागा धरायची. रात्री लेकरांजवळ अंथरूण टाकायची.

"माझं काही चुकलं का वं?" तिलकनं एकदा विचारलं.

"नाही जी. पाठ दुखून राहिली."

उपाय तिनं स्वतःच शोधला होता. सकाळ-संध्याकाळ साबण आणि तुरटीच्या पाण्यानं आतून धुवायचं. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी वास परत. मग ती आणखी धुवायची.

संक्रांतीनंतर शेजारची प्रेमिला आली. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली, मोजकं बोलणारी मुलगी. ती दारातच घुटमळली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आशाताई, मले पांढरं जाऊन राहिलं. वास येते. सासू म्हणते, तू गलिच्छ आहेस."

मला पण, एवढंच भूमेश्वरीला म्हणायचं होतं. पण तिनं आशाताईचा आवाज काढला. "स्वच्छता नाही ठेवत तुम्ही बाया. दोन टाइम तुरटीच्या पाण्यानं आतून धूत जा." पुढच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीतही तिनं हेच सांगितलं. अकरा बाया होत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याभरानं प्रेमिलाला लघवीला बसवेना, इतकी आग व्हायला लागली. भूमेश्वरी तिला घेऊन बसनं तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना काचेवर घेतला आणि विचारलं, "आतमध्ये काय लावतेस? सगळं सोलवटलंय."

"तुरटी."

"कुणी सांगितलं?"

प्रेमिलानं भूमेश्वरीकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली केली. "कोनं नाही. माझ्याच मनानं केली."

भूमेश्वरीला तिथं उभं राहवेना. अंगावरची आशाताईची साडी तिला टोचायला लागली. "मॅडम, मीच सांगितलं तिले," ती म्हणाली. "अन्... मले बी तेच आहे. चार महिने झाले."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भूमेश्वरीला वाटलं. त्यांनी तिलाही तपासलं, मग दोघींना बसवून सांगितलं, "ही घाण नाही. आत चांगले जंतू असतात, ते राखण करतात. साबण, तुरटी घालून तुम्ही तेच धुऊन काढता, मग दुसरे माजतात. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं, आत काही घालायचं नाही. नवीन माणसाशी संबंध आला की हे जास्त होतं, पण एका नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईलाही होतं. तेव्हा कुणावर बोट दाखवू नका. आणि दर वेळी हेच असेल असंही नाही, म्हणून तपासून घ्यायचं. दिवस गेलेले असताना तर लगेच यायचं." सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. प्रेमिलाला आगीसाठी मलम वेगळं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

दोघींनाही गोळ्यांनी उतार पडला. मग आपलं चुकलं, तुरटी बंद करा, हे सांगायला भूमेश्वरी बचत गटातल्या त्या अकरा बायांच्या घरी गेली. सुशिलाबाई अंगणात धान पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तवा तर लय डाक्टरीण झालती तू!" भूमेश्वरीनं ऐकून घेतलं. पण पुढच्या तीन घरी तिचा धीर सुटला. तिथं ती म्हणाली, "वरून नवीन सूचना आली आहे, तुरटी बंद करा." आपलं चुकलं, असं म्हणाली नाही. ते खोटं तिला पुढं कित्येक दिवस खात राहिलं, तरी खरं सांगायला त्या तीन घरी ती पुन्हा गेली नाही.

तिलकला तिनं गोळ्यांचं पाकीट दाखवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार महिने मले कायले नाही सांगितलं?"

वर्षानं तो त्रास परत आला. परत येऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. या वेळी ती तिसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, पण तोंडाला ओढणी बांधून.

प्रेमिलानं ती गोष्ट कधी काढली नाही. हळदीकुंकवाला बोलावते, भाजी पाठवते. माफ कर, एवढे दोन शब्द म्हणायला भूमेश्वरीची जीभ अजून वळलेली नाही.