ऑर्गनच्या बाकावर

अरुणा पहिल्यांदा चर्चमध्ये गेली ती लेकीच्या, मैत्रीच्या, कंदिलापायी. जर्मनीत एर्लांगेनला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. मैत्रीचं किंडरगार्टन तिथलं कॅथलिक चर्चच चालवायचं, आणि नोव्हेंबरात सगळी मुलं कागदाचे कंदील घेऊन, गाणी म्हणत चर्चभोवती फिरायची. अरुणाला शब्द येत नव्हते. पण चाल तिनं दुसऱ्या कडव्यालाच उचलली आणि ती गुणगुणत चालू लागली. पुढे चालणारा एक उंच, जरासा वाकलेला म्हातारा मागे वळला.

"तुमचा आवाज आल्टचा आहे, बायकांतला खालच्या पट्टीचा," तो म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी कॉयरची, चर्चच्या गायकवृंदाची, तालीम असते."

"पण मी ख्रिश्चन नाही," अरुणा अडखळत म्हणाली. "मी बौद्ध आहे."

त्यानं क्षणभर विचार केला. "आल्झो, बरं तर, आल्टमध्ये बायका कमीच आहेत. या तुम्ही."

हे हेर वाइगल, म्हणजे वाइगलसाहेब. पोस्टातून निवृत्त झालेले, आणि तरुणपणापासून त्या चर्चचा ऑर्गन विनामूल्य वाजवणारे. कॉयरही तेच बसवायचे.

अरुणा मेश्राम नागपूरच्या इंदोऱ्यातली. तिचे बाबा वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनच ती सूर शिकली होती. इथे तिचा नवरा उज्ज्वल सकाळी सायकल काढून कंपनीत जायचा. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या विभागात तो इंजिनिअर होता. अरुणाच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपुरात शाळेत विज्ञान शिकवणारी बाई इथे दुपारभर खिडकीत उभी राहायची. तिनं बाबांना फोनवर कॉयरचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गाणं चांगलं आहे ना? मग गा. पण काय गातेस ते समजून गा."

ती समजून गायली. प्रत्येक शब्दाचा अर्थ हेर वाइगलना विचारायची. प्रार्थनेत गुडघे टेकायची नाही, प्रसादाच्या रांगेत जायची नाही. मागच्या सज्ज्यात ऑर्गनशेजारी उभी राहायची, आणि त्याबद्दल कुणी तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

पुढच्या वर्षी हेर वाइगलनी तिला ऑर्गन शिकवायला घेतला. शनिवारी सकाळी रिकाम्या चर्चमध्ये कोट घालूनच बसायचं. पेटीवर डावा हात भात्याला असतो. इथे दोन्ही हात सुरांवर, आणि शिवाय पायांनी खालच्या लाकडी पट्ट्या वाजवायच्या. तिचे पाय चुकायचे. हेर वाइगल रागवायचे नाहीत, कौतुकही करायचे नाहीत. "नोख आइनमाल," एवढंच. पुन्हा एकदा. दोन हिवाळे असे गेले आणि तिचे पाय पट्ट्यांवर न बघता पडू लागले.

त्याच सुमाराला तिच्या लक्षात आलं, की त्यांना नीट ऐकू येत नाही.

आधी फादरांचं वाक्य संपायचं आणि ऑर्गन सुरूच व्हायचा नाही. अरुणा हळूच त्यांच्या खांद्याला बोट लावायची. ते वाजवायला लागायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, हिनं कधी सांगितलं नाही. मग थंडीत ऑर्गनची एक बारीक नळी अडकायला लागली. बोट उचललं तरी तिची शिट्टी चालूच. नळ्यांचा तो संच ज्या खुंटीवर चालायचा, ती आत ढकलली की आवाज बंद. हेर वाइगलना ती शिट्टी ऐकूच यायची नाही. अरुणा पान उलटल्याचं निमित्त करून खुंटी ढकलायची. एवढ्या थोर माणसाला तोंडावर काय सांगायचं, असं तिला वाटायचं. घरी रात्री जेवताना उज्ज्वल कानांबद्दलच बोलत असायचा, तरी तिनं त्याच्याकडेही विषय काढला नाही.

२००६च्या नोव्हेंबरात तिनं धीर करून त्यांना विचारलं, "नाताळच्या सकाळी एक गाणं मी वाजवू का?"

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "पाय अजून तयार नाहीत."

ते अरुणाला लागलं. बाबांना तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची बायको वारली. चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर नवरा आणि दोन मोठ्या मुली. गाणं संपलं, हेर वाइगलनी हात मांडीवर ठेवले, फादर प्रार्थना म्हणू लागले, आणि ती नळी अडकली. बारीक, तीक्ष्ण शिट्टी सगळ्या चर्चभर. खुंटी अरुणाच्या हाताशी होती. हात उचलायचा तेवढा बाकी होता.

तिनं उचलला नाही.

लोक माना वळवून वर बघू लागले. फादर थांबले, पुन्हा बोलू लागले, पुन्हा थांबले. बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलीनं कानावर हात ठेवला. हेर वाइगल मात्र शांतपणे गाण्याचं पुस्तक मिटत होते, चष्मा पुसत होते. अरुणा ते बघत राहिली. प्रार्थना संपत आली तेव्हा कुठे तिनं खुंटी ढकलली.

नंतर फादरांनी तिला बाजूला घेतलं. "हे किती दिवसांचं आहे?"

"बऱ्याच दिवसांचं," अरुणा म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."

शब्द खरा होता. तोंडातून निघाला तेव्हा तिला सुटल्यासारखंही वाटलं. फादर हेर वाइगलशी काय बोलले कुणाला ठाऊक. पुढच्या रविवारी त्यांना फुलांचा गुच्छ आणि वाइनची बाटली दिली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि ऑर्गन अरुणाकडे आला. नाताळला तिनं पायांना न जमणारं एक सोडून सगळी गाणी वाजवली. बायकांनी तिचे हात हातात घेतले. मैत्री जर्मनमध्ये मैत्रिणींना सांगत होती, ती माझी आई आहे. घरी आल्यावर अरुणा न जेवताच आडवी झाली.

त्यानंतर हेर वाइगल चर्चमध्ये दिसले नाहीत.

"तू खरं तेच सांगितलंस ना?" उज्ज्वल म्हणायचा. "मग एवढं मनाला का लावून घेतेस?" खुंटीचं तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. दर रविवारी ती बाकावर बसायची, आणि लाकडाला त्यांच्या बसण्यानं पडलेला खोलगट भाग अंगाखाली जाणवायचा. बेकरीत जायचं तिनं बंद केलं. पाव लांबून आणायची. बाबा फोनवर म्हणाले, "वाजव की जरा, ऐकव," तर कार्ड संपतंय म्हणून तिनं फोन ठेवला.

ईस्टर उलटल्यावर एका दुपारी ती त्यांच्या दारात उभी राहिली. वाइगलबाईंनी दार उघडलं, आत बसवलं, नवऱ्याच्या कानाशी मोठ्यानं नाव सांगितलं आणि त्या बागेत निघून गेल्या. अरुणा सावकाश, त्यांना तोंड दिसेल असं बोलली. शिट्टी, खुंटी, थांबलेला हात. "मला तुमची जागा हवी होती," ती म्हणाली. "त्या वेळी हवी होती."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"प्रार्थनाभर वाजत होती?"

"हो."

"बेकरीवाल्यांच्या मुली समोर होत्या."

"हो."

"आणि त्याआधी? त्याआधी कधी अडकली होती?"

"आदल्या हिवाळ्यापासून. मी दर वेळी बंद करायचे."

आता ते ताठ झाले. मघापर्यंत त्यांचा चेहरा नुसता थकलेला होता, तो बदलला.

"म्हणजे वर्षभर मी बहिरा होतो हे तुम्हाला माहीत होतं. मलाच नव्हतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तुमचे पाय चुकले तेव्हा मी काय केलं? सांगितलं की नाही? दर वेळी सांगितलं." त्यांचा आवाज चढला. "त्या एका दिवसाचं मला समजतं. हाव कुणाला सुटत नाही? पण तुम्ही वर्षभर माझ्या खांद्याला बोट लावत राहिलात, लहान मुलाला लावावं तसं. तुमचा नवरा काय बनवतो, फ्राउ मेश्राम?"

इतके महिने अरुणा एका दिवसाचा गुन्हा उराशी घेऊन बसली होती. त्याच्या मागचं वर्ष तिनं स्वतःच्या चांगुलपणात धरलं होतं.

"मी चिडलो असतो," ते म्हणाले. "खूप चिडलो असतो. आणि मग डॉक्टरकडे गेलो असतो. आज तुम्ही जा."

ती गेली. त्या संध्याकाळी तिनं उज्ज्वलला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस गं." दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. मालकांपाशी तिनं माफी मागितली, शिट्टी माझ्यामुळे लांबली म्हणाली. त्यांना नीट उलगडा झाला नाही. "जुना ऑर्गन आहे हो," म्हणत त्यांनी तिच्या हातात पाव ठेवला. ते तिला रागावण्यापेक्षा जड गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनंतरच्या पहिल्या तालमीला हेर वाइगल आले. दोन्ही कानांमागे यंत्रं होती. ऑर्गनकडे त्यांनी बघितलंही नाही. यंत्रातून तो पत्र्यासारखा वाजतो, म्हणाले. बासच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या पुरुषांच्या, रांगेत शेवटच्या खुर्चीवर ते बसले. गाणं सुरू झालं आणि अरुणाच्या लगेच लक्षात आलं, त्यांचा सूर खाली उतरतोय. सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणी काही बोलेना.

अरुणानं हात थांबवले.

"हेर वाइगल," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमचा सूर उतरतोय. तिसऱ्या ओळीत."

बायका चपापून तिच्याकडे पाहू लागल्या. त्यांनी कानामागचं यंत्र जरा सारखं केलं.

"गेनाऊ," ते म्हणाले. "बरोबर. पुन्हा तिसरी ओळ. आणि तुमचा डावा पाय उशिरा पडतो."

पुढे वर्षानुवर्षं असंच चाललं. ती दर मंगळवारी त्यांना चूक सांगायची, आणि दर वेळी ते परत गायचे. माफ केलं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. शनिवारी मात्र ते पुन्हा यायला लागले, आणि तिच्या बाकाशेजारी खुर्ची ओढून, कोट न काढता, तिच्या पायांकडे बघत बसायचे.