आधी लघवी, मग सुई

माझ्या धाकट्या नणंदेइतकी भांडखोर बाई अख्ख्या मंचरमध्ये दुसरी नाही, आणि ती लहान मुलांची डॉक्टर आहे हे मंचरच्या लहान मुलांचं भाग्यच म्हणायचं. कारण ती भांडते ते सगळं त्यांच्याच वतीनं. माझं घर दवाखान्याच्या वरच असल्यामुळे ही भांडणं मला जिना न उतरता ऐकू येतात. ती सासवांशी भांडते, मास्तरांशी भांडते. एकदा दवाखान्यासमोर अडकून हॉर्न बडवणाऱ्या कांद्याच्या ट्रकवाल्याशी भांडायला गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून ती रस्त्यावर उतरली होती. आत एका बाळाची छाती तपासायची होती आणि ट्रकवाला काही ऐकू देत नव्हता. त्यानं मुकाट्यानं इंजिन बंद केलं. बाळाची छाती साफ निघाली. मग खिडकी उघडून "वाजवा आता!" असं सांगायलाही ती विसरली नाही.

पण तिचं सगळ्यात मोठं भांडण असतं लघवीवरून. पोराला सर्दी नाही, खोकला नाही आणि नुसताच ताप आहे असं कळलं, की हिचा हात आधी बाटलीकडे जातो. "ताप कुठून आला ते पोर सांगत नाही, वहिनी. लघवी सांगते," असं तिचं म्हणणं. आता तान्ह्या बाळाला 'बाटलीत कर' म्हणून कोण सांगणार? मग ही गार पाण्यात भिजवलेला कापूस त्याच्या ओटीपोटावर हलकेच फिरवत, दुसऱ्या हातात बाटली धरून, स्लिपमधल्या खेळाडूसारखी वाकून उभी राहते. झेल सुटला तर साडी बदलायला वर माझ्याकडे येते. माझ्या निम्म्या साड्या अशाच गेल्या. "पहिली धार सोडायची, मधली धरायची," हे वाक्य तिनं माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या शेजारी पंगतीत बसून, मठ्ठा वाढला जात असताना उच्चारलेलं आहे. व्याही अजून माझ्याकडे मठ्ठा घेत नाहीत.

तिच्या या हट्टाचा खरा अर्थ मला कळला तो आणे पठारावरच्या कोमलमुळे. त्या दिवशी मी खाली डबा द्यायला गेले होते. कोमल असेल तिसरी-चौथीतली, तापानं फणफणलेली, आजीच्या पदराला धरून उभी. आजीचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारं, आवाजही तसाच मोकळ्या रानातला.

"सुई मारा बाई, आमी निघतो. बाहेर पिकअप थांबलीय."

"आधी लघवी."

"ताप डोस्क्यात चढलाय अन् तुमी मूत मागताय? आमच्यात असलं काय नसतं."

"तुमच्यात मुतत नाहीत का?"

आजी नणंदेकडे रोखून बघत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून फिस्सकन हसली. बाटली भरून मिळाली.

तपासणीत लघवीत पू निघाला, सोनोग्राफीत एका मूत्रपिंडाला सूज. रिपोर्ट वाचताना नणंदेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आजी, हा ताप आधीही येऊन गेलाय ना? दर वेळी सुईनं नुसता दबला. असंच चालू राहिलं तर किडनीवर कायमचे वण पडतात. आता औषध पुरं संपवायचं. ताप उतरला म्हणून मधेच सोडायचं नाही." मग ती कोमलकडे वळली. "शाळेत पाणी पितेस का गं?"

"नाय."

"का?"

"पिलं तर लागती ना. पोरींच्या संडासाला कुलूप हाय."

नणंदेनं शाळेचं नाव तेवढं कागदावर लिहून घेतलं. ती न भांडता काही लिहून घेते, तेव्हा मला धडकीच भरते.

कोमलचा ताप गेला, लघवी साफ आली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कडी घालून नणंदबाई गाडीत बसल्या. मलाही बसवलं. "वहिनी, तू चल. नाहीतर लोक म्हणतील मीच आधी भांडले." आळेफाट्यावरून पठारावर चढलो, वाटेत आजीला घेतलं आणि शाळेत पोचलो. मुख्याध्यापक थकलेला, भला माणूस होता.

"मॅडम, पाणीच नाही. मुलींचा संडास उघडला तर दुसऱ्या दिवशी पाय ठेवता येणार नाही. साहेब तपासणीला येतात तेव्हा उघडतो."

"साहेबांची सोय झाली. पोरींनी काय मोठं होईपर्यंत धरून ठेवायचं? मला लागलीय. किल्ली द्या."

त्यांनी शिक्षकांच्या संडासाकडे बोट दाखवलं. "मुलींच्यातच जाणार," म्हणून ही व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि सगळ्या शाळेसमोर बाटलीतलं पाणी गटागटा पिऊ लागली. अखेर किल्ली सापडली, पण कुलूप गंजलेलं. तेव्हा आजीनं दगड उचलला.

"सरका राव!"

"आजी, सरकारी कुलूप आहे ते!"

"पोर बी सरकारी शाळंतलीच हाय की!"

कुलूप खाली पडलं. आतली दुर्दशा बघून मुख्याध्यापकांनीच खराटा हातात घेतला. पाण्याचं आजीनं तिथंच मिटवलं. तिच्या लेकाची पिकअप मेंढरांसाठी विहिरीवरनं पाणी आणायची, त्यातलाच एक बॅरल रोज शाळेत उतरवायचा. "मेंढरांस्नी आणतो, पोरींस्नी न्हाई?" निघताना मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, बरं झालं आलात. एकटा माणूस किती भांडणार?"

परवा बाजाराच्या दिवशी आजी सहज डोकावली. कोमल चांगलीच उंच झालेली, पण आत येईना. रस्त्यापलीकडे पिकअपला टेकून पेरू खात उभी.

"आत का नाही येत ती?" नणंदेनं विचारलं.

"बरी हाय की! आता कशापायी यायचं?"

"खरंच. कशाला यायचं?" ती म्हणाली. आजी गेल्यावर खिडकीशी उभी राहून तिनं हात हलवला. कोमलचं लक्ष नव्हतं. पिकअप वळून दिसेनाशी झाली तरी नणंदेचा हात वरच होता. मग आतून कुठलंसं पोर रडायला लागलं, तशी पदर खोचून ती वळली.