घागरीचा कल

शाळेच्या खेळाच्या सरांनी माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. "दिवाळीपर्यंत नेम सुधार, जिल्ह्याच्या संघात घेतो," असं ते सगळ्या मैदानासमोर म्हणाले होते. तिनं सुधारला. त्यांनी घेतलं नाही.

तेव्हा परंड्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा मी एकटाच. कॅमेरा सोलापूरहून जुना आणला होता. चार खेपा घातल्या, दुकानदाराशी दोनदा भांडलो, शेवटी त्यानं हात जोडून माझ्या भावात दिला.

बहीण बास्केटबॉल खेळायची. रिंग लोहारानं केलेली, जाळी नाहीच. तिचा चेंडू दर वेळी रिंगच्या उजवीकडं जायचा. सर म्हणायचे, मनगट वाकडं आहे. वर्षभर ती मनगटाला पट्टी बांधून टाकत राहिली. चेंडू उजवीकडंच.

लग्न नव्हतं अशा एका रविवारी मी मैदानावर कॅमेरा लावला. घरी टीव्हीवर कॅसेट लावली तेव्हा तिनं ओढणीत तोंड लपवलं. "अगं बाई! म्या अशी दिसते?"

चेंडू हातातून सुटतो तिथं मी चित्र थांबवलं. ते पट्ट्यापट्ट्यांनी थरथरत होतं. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण वडील गवंडी होते आणि भिंत कललेली मला लांबून कळायची. खुंटीवरचा त्यांचा ओळंबा काढला आणि त्याचा दोरा टीव्हीच्या काचेसमोर धरला. रिंगचा खांब दोऱ्याला लागून सरळ. बहिणीचं डावं कंबरडं बाहेर, खांदे उजवीकडं. मनगट बिचारं ठीक होतं.

चुलीपुढून आईनं मान वळवून पाहिलं. "चेंडू कुठं टाकायलीय ती? पाणी आणायलीय की!"

बहीण खुदकन हसली. मला हसू आलं नाही. दुष्काळात टँकर गावाबाहेर थांबायचा, तेव्हापासून घागर तिच्या डाव्या कमरेवर होती. टँकर बंद झाले, घागर उतरली नाही. घरात सायकल होती. ती माझी होती, आणि माझ्या कामाला लागायची.

दुसऱ्या दिवशी सायकलला दोन्हीकडं घागरी बांधून मी आडावर गेलो. बायकांनी सोडलं नाही.

"काय फोटोवाले, आज घागरीचं लगीन हाय व्हय?"

"नवरी लई ठेंगणी हो तुमची!"

मी रागानं दोर ओढला आणि निम्मं पाणी स्वतःच्याच अंगावर घेतलं. पण रोज गेलो. दर रविवारी शूटिंग, मग टीव्हीसमोर ओळंबा. दोरा ती स्वतः धरायची. "दादा, आज कल बोटभर राहिला बघ." नवरात्रात एके दिवशी दोरा तिच्या कानावरून, खांद्यावरून, टाचेपर्यंत सरळ उतरला. आईनं तेवढ्यात तिच्या हातावर गूळ ठेवला.

दिवाळीला आठवडा असताना कॅसेट घेऊन आम्ही सरांकडं गेलो.

"लग्नं काढणारा मला बास्केटबॉल शिकवणार का?"

"मी नाही सर, ही दाखवंल. पाच चेंडू टाकू द्या."

"यादी गेली."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधीच."

मी काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. बहीण माझी बाही ओढत राहिली. सरांनी मैदानाकडं एकदाही पाहिलं नाही.

परत येताना तिनं चेंडू सवयीनं डाव्या कमरेवर घेतला. चार पावलं गेल्यावर तिला आठवलं. चेंडू छातीशी धरून ती ताठ चालायला लागली आणि माझ्याकडं बघून हसली. मी सायकलची घंटी उगीच वाजवत राहिलो.

आज तिच्या नाती खेळतात. "दादा, सोड की आता," ती म्हणते. ती सोडू शकते, ती तशीच आहे. मी नाही सोडत. घागर तिच्या कमरेवर कुणी राहू दिली, याचा जाब मला द्यायचा होता. तिच्या लग्नापर्यंत पाणी भरून मी तो दिला. सर, तुम्ही कुठं असाल तिथून आता तुमचा द्या. दिवाळीचा शब्द देऊन दसऱ्याआधी यादी का पाठवलीत? आणि पाठवलीच होती, तर पाच चेंडू बघायला तुमचं काय जात होतं?