जोंधळे पार्टीचा खोकाभर हशा

आखातातल्या मराठी घराचा फ्रीजर कधी उघडून बघा. दर खेपेला गावाहून कुणीतरी काहीतरी घेऊन आलेलं असतं. पुरण, ओलं खोबरं, कुणाच्या तरी आत्याची चटणी. कोणतं कधीचं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्या घरी किश्श्यांचं अगदी तसंच झालंय. दोह्यात बिन महमूद भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात माणसं चार, आणि किस्से मात्र तंबूभर!

तंबू उगाच म्हणत नाही. माझं सासर म्हणजे 'जोंधळे व्हरायटी पार्टी'. सासऱ्यांच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी काढलेली. सांगली-साताऱ्याकडच्या जत्रांतून आख्खं कुटुंब ट्रकमधून फिरायचं. दादा जादू करायचे, त्यांची बायको तारेवर चालायची, आणि माझे सासरे, अण्णा, बोलका बाहुला घेऊन लोकांना हसवायचे. घरोघरी टीव्ही आला आणि तंबू गुंडाळला. अण्णांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा संदीप, इंजिनियर झाला आणि इकडे रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरीला लागला. सासूबाई गेल्यावर आम्ही अण्णांना इकडे घेऊन आलो. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस आराम करील. कसला आराम! सहा महिन्यांत पार्टी पुन्हा उभी राहिली. कलाकार कोण, तर आम्ही घरातले चौघं.

*

मी पुण्याची. अकाउंट्सवाली. लग्न ठरलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की या घरात सून आली की तिला आधी कापतात!

म्हणजे पेटीत आडवं घालून करवतीने. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूजा आणि पूजेनंतर हे. सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नको गं. मलाही कापलंय, माझ्या सासूलाही कापलंय."

माझे बाबा हातात प्रसादाचा द्रोण घेऊन उभे होते. त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जोंधळेसाहेब, आम्ही मुलगी अखंड दिली आहे. तशीच राहील ना?"

अण्णा म्हणाले, "व्याही, गॅरंटी देतो. पण एकदा कापलेला माल परत घेत नाही!"

पेटीतून बाहेर आले तेव्हा मांडवभर टाळ्या पडल्या होत्या. खरं सांगते, सप्तपदीपेक्षा मला त्या टाळ्यांनीच सासरची केलं.

*

अण्णा इकडे आले तेव्हा विमानतळावर त्यांची ट्रंक उघडली गेली. आत रुमाल, पत्ते, तीन तळाचा डबा आणि लाकडी बाहुला टिल्लू. अधिकाऱ्याने टिल्लूला हात लावताच त्याची मान गर्रकन फिरली. अधिकारी दोन पावलं मागे!

"मॅजिक?" त्याने विचारलं.

या भागात जादू म्हणजे चेटूक, या शब्दाला लोक दचकतात हे संदीपला ठाऊक. तो घाईघाईने म्हणाला, "नो, नो सर! कॉमेडी! ओन्ली कॉमेडी!"

अधिकाऱ्याची खात्री पटेना. शेवटी अण्णांनी खिशातून नाणं काढलं, गायब केलं, आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. नाणं कुठे लपतं ते उघड करून दाखवलं. जोंधळ्यांच्या घरात याहून मोठं पाप नाही. अधिकारी खूश. त्याने टेबलापलीकडच्या दोघांना हाक मारली, "यल्ला, यल्ला, कम!" अण्णांना ते पाप तीनदा करावं लागलं.

गाडीत बसल्यावर अण्णांनी ते नाणं संदीपच्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, सुटलो ना!"

"सुटलो," ते म्हणाले, "पण आता ती ट्रिक मेली. एका माणसाला कळली की ती ट्रिक खलास."

त्यानंतर त्यांनी ती कधीच केली नाही. आणि आपला 'खलास' इथे अरबीतही चालतो हे त्यांनी उतरल्यापासून तासाभरात टिपलं होतं!

*

आमची रेवा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला काळजी वाटायची की ही आजोबांबरोबर स्टेजवर काय करणार? अण्णांनी तिला स्टेजवर घेतलंच नाही. पहिल्या रांगेत बसवलं.

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. अण्णांनी रुमाल गायब केला. लगेच खालून रेवा ओरडली, "आजोबा, इट्स इन युअर लेफ्ट स्लीव्ह!"

लोकांचे चेहरे उतरले. अण्णांनी खजील होऊन डावी बाही दाखवली. रिकामी.

"देन राइट!"

उजवी. रिकामी.

"यू आर चीटिंग!" म्हणून ती तरातरा उठून स्टेजवर गेली, आणि अण्णांनी रुमाल तिच्याच वेणीतून काढला. हॉल डोक्यावर!

नंतर जेवणाच्या रांगेत एक बाई मला म्हणाल्या, "राग मानू नका, पण मुलीला जरा वळण लावा. वयस्कर माणसाला असं बोलते!"

मी घरी येऊन हे सांगितलं तर अण्णांनी रेवाची पाठ थोपटली. "पहिलं सर्टिफिकेट मिळालं! लहानपणी तंबूत खालून भांडायचं हे काम माझ्याकडं होतं. मला तर एका जत्रेत पाटलांनी कानफटात मारली होती."

रेवाने विचारलं, "सो अ‍ॅम आय अ‍ॅज गुड अ‍ॅज यू?"

"तुला कुठं कुणी मारलंय अजून?"

*

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे खोकं.

पार्टीचं बाकी सगळं गेलं. तंबू विकला, तार गंजली. राहिल्या त्या एका खोक्यातल्या कॅसेटी. त्या काळी दादांनी हौसेनं टेपरेकॉर्डर घेतला होता. प्रत्येक गावच्या खेळाचं रेकॉर्डिंग करायचे. पण माइक स्टेजकडे नाही, पब्लिककडे!

"आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक असतंय," दादा म्हणायचे. "लोकांनी काय केलं ते ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सगळं कुटुंब ती टेप ऐकत बसायचं. जिथे हशा पडला नाही तिथला आयटम त्या दिवशीच बाद. मग तो दादांचा स्वतःचा का असेना.

त्यामुळे या कॅसेटींत सुरुवातीला दादांचा आवाज गाव सांगतो, आणि पुढे नुसता हशा. शिट्ट्या, रडणारी पोरं, खोकला, आणि लांबून कुठून तरी टिल्लू. अण्णा अजूनही तेच करतात. मंडळाचे सेक्रेटरी दर वेळी सांगायला येतात, "काका, तुमचा माइक उलटा आहे बरं का!"

आमच्या घरात सगळ्यांची लाडकी कॅसेट म्हणजे माळेवाडीची जत्रा. त्यात टिल्लूचा जुना विनोद आहे. अण्णा विचारतात, "टिल्ल्या, तुझा बाप काय करतो?"

"सकाळी उघडतो, रात्री बंद होतो."

"म्हणजे दुकान आहे?"

"न्हाई."

"मग वॉचमन आहे?"

"न्हाई वो. त्ये दारच हायेत!"

लाकडाच्या बाहुल्याचा बाप दार! तंबूत हशा कोसळतो. मग थांबतो. अगदी शांत होतं. आणि तेवढ्यात एका माणसाला विनोद कळतो. तो एकटाच हसतो. आधी घोड्यासारखं लांब खिंकाळणं, मग उचकी, मग पुन्हा खिंकाळणं. त्याला ऐकून सगळा तंबू दुसऱ्यांदा हसतो, आधीपेक्षा मोठ्यांदा.

दादा त्या माणसावर इतके खूश होते की त्यानंतर प्रत्येक गावात त्या विनोदानंतर थोडं थांबायचं असा त्यांनी नियमच केला. "माळेवाडीचा पाहुणा येऊ दे." अण्णा आजही थांबतात. रेवाने त्याचं नाव ठेवलंय 'लास्ट अंकल', आणि त्याची नक्कल ती झोपण्याआधी हमखास करते.

*

लोककलेच्या वस्तू जमवणाऱ्या गावाकडच्या एका संस्थेला अण्णांनी या खोक्याबद्दल कळवलं. एका गृहस्थांचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसले. दोन-तीन कॅसेटी ऐकवल्या.

गृहस्थ चांगले होते. म्हणाले, "अण्णासाहेब, यात हशाच आहे नुसता. कार्यक्रम कुठे आहे?"

"अहो, हशा आहे म्हणजे कार्यक्रम झाला!"

"ते बरोबर आहे. पण आमच्याकडे अशी कॅटेगरी नाही हो."

अण्णा हसून म्हणाले, "आमचं पब्लिक तंबूत मावत नव्हतं. कॅटेगरीत काय मावणार!"

कॉल बंद झाला. आम्ही हसलो, पण त्या दिवशी अण्णांनी टिल्लूला बाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या आईवडिलांनी आयुष्यभर गावोगाव जे केलं, त्याची एवढी एकच खूण उरली होती, आणि ती कुठे ठेवावी हे कुणालाच कळत नव्हतं.

त्यात घरमालकाने फ्लॅट रिकामा करायला सांगितला. अल नस्र भागात दुसरा मिळाला तो याहूनही लहान. संदीप म्हणाला, "अण्णा, माळेवाडीची ठेवू. बाकीचं खोकं दोह्याबाहेर, अल खोरला मित्राच्या स्टोअरमध्ये ठेवतो."

मित्राच्या स्टोअरमध्ये गेलेली वस्तू परत येत नाही हे आखातात सगळ्यांना माहीत आहे. अण्णांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "तिकडं ठेवायचं तर सगळंच ठेव. माळेवाडी बाकीच्या गावांपासनं तोडू नको." आणि स्वतःच्या हाताने खोक्याला चिकटपट्टी लावली.

*

संदीपच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर तानाजी. साताऱ्याकडचा, अल खोरच्या कामगारांच्या कॅम्पात राहणारा. पहाटे सगळ्यांना घेऊन जातो, संध्याकाळी आणून सोडतो. बोलणं जेवढ्यास तेवढं. चेहरा कायम पासपोर्टवरच्या फोटोसारखा. संदीपकडून अण्णांचं ऐकल्यावर तो म्हणाला, "सायेब, आमच्या पोरांना बी दाखवा की. दिवाळीला कुणाचंच घर न्हाई हितं."

म्हणून एका शुक्रवारी आम्ही अल खोरला निघालो. खोकं डिकीत. कार्यक्रम झाला की जाता जाता मित्राकडे उतरवायचं ठरलं होतं.

मेसच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावलेली. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, सगळे आपल्याकडचे, बायका-मुलं गावी ठेवून आलेले. मी घरून चकल्या नेल्या होत्या. आधी अण्णांनी मला कापलं, मग रेवाने भांडून घेतलं, मग टिल्लू आला. टेपरेकॉर्डर नेहमीप्रमाणे लोकांकडे तोंड करून.

"टिल्ल्या, तुझा बाप काय करतो?"

"सकाळी उघडतो, रात्री बंद होतो."

"मग वॉचमन आहे?"

"न्हाई वो. त्ये दारच हायेत!"

हॉल फुटला. वेल्डर एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मग शांत झालं. अण्णा सवयीने थांबले.

आणि सगळ्यांत मागून आवाज आला. घोड्यासारखं लांब खिंकाळणं. मग उचकी. मग पुन्हा खिंकाळणं!

रेवा खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "आई! लास्ट अंकल!"

हॉल दुसऱ्यांदा हसत होता. अण्णा मात्र टिल्लूला छातीशी धरून मागे बघत होते. हसत होता तो तानाजी. इतकी वर्षं संदीप त्याच्या बसने जात होता, पण त्याला हसताना कधी ऐकलं नव्हतं. पहाटेच्या बसमध्ये कोण कशाला हसेल?

अण्णांनी विचारलं, "पाहुणे, गाव कोणतं?"

"माळेवाडी, जी."

अण्णा संदीपकडे वळून एवढंच म्हणाले, "खोकं आण."

संदीप पळत गेला. मी त्याला असा पळताना आमच्या लग्नानंतर पाहिलेला नाही. अण्णांनी स्वतः लावलेली चिकटपट्टी स्वतः फाडली, कॅसेट घातली. दादांचा आवाज आला, "मुक्काम माळेवाडी. भैरोबाची जत्रा. थंडी मायंदाळ, पब्लिक झकास." लांबून तरुण अण्णा, लांबून टिल्लू. हशा कोसळला, थांबला. आणि तो एकटा माणूस हसला.

तानाजी टेपजवळ येऊन उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आमचं आबा हायेत ह्ये, माजं वडील," तो म्हणाला. "गेलं तवा मी हितंच हुतो. रजा मिळंना. फोटो हाय एक घरात, त्यात बी रागावल्यालंच हायेत."

संदीप खोकं कवटाळून उभा होता. मी म्हटलं, खाली ठेव. त्याने ठेवलं नाही.

"परत लावा की, अण्णा," तानाजी म्हणाला.

अण्णांनी टेप मागे घेतली. सगळा हॉल कान देऊन उभा राहिला, भट्टीवरचा आचारीसुद्धा. दार आलं. माळेवाडी हसली. माळेवाडी थांबली. आबा हसले, उचकी लागली, पुन्हा हसले.

मग टेपवर शांतता, हॉलमध्येही शांतता.

आणि मग, सगळ्यांच्या नंतर, तानाजी हसला.