आमच्या ह्यांना सुचेनासं झालं

आमचे हे चादरींवरची फुलं काढतात. असं सांगितलं की लोक विचारतात, "का? डाग पडलेत का?" अहो, काढतात म्हणजे चितारतात! चादरी छापायच्या कारखान्यात, कोपऱ्यातल्या खोलीत, उतरत्या टेबलाशी वाकून उभी हयात गेली त्यांची. तिथे सगळे त्यांना फुलवाले म्हणतात.

घरी मात्र हा माणूस म्हणजे नुसता धोंडा. आमटीत मीठ नाही हे जेवण उरकल्यावर सांगणार. पण रस्त्याने चालता चालता मध्येच थांबले आणि डोळे बारीक केले की मी ओळखायचे, आलं काहीतरी. मग दुकानाची पावती म्हणू नका, औषधाची पुडी म्हणू नका, हाताला लागेल त्यावर पेन्सिल चालायची. मागून गाड्या हॉर्न वाजवताहेत आणि हे उभे! "काय झालं?" विचारलं तर म्हणायचे, "सुचलं." बस्स, एवढंच. माझ्या अख्ख्या संसारात या एका शब्दापुढे माझी बोलती बंद व्हायची.

मध्यंतरी मालकांनी कॉम्प्युटरवर फुलं काढायची सोय आणली. ह्यांची जुनी सगळी फुलं त्याला दाखवली, की तो भराभर नवी काढून देणार. दिली त्याने, पण मालकच म्हणाले, "दिसतात बरी, पण मेलेली वाटतात." म्हणून त्यांनी एक पोरगी नेमली. हुशार, गोड बोलणारी. मला तिचा राग करायचा होता, पण जमलं नाही. तिचं काम एकच. ह्यांच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, "काका, हे कसं सुचलं?" काका सांगतील ते ती कॉम्प्युटरला शिकवणार.

"फुलवाले, तुमचं डोकं अमर करतोय मी," मालक म्हणाले. मला ऐकूनच कसंतरी झालं. माणूस चालताबोलता असताना त्याला अमर कशाला करायचं, सांगा बरं?

सुरुवातीला हे म्हणायचे, "माहीत नाही बाई. सुचलं." ती विचारायची, "पण त्याच्या आधी काय झालं?" मग हे आठवायला लागले. मग स्वतःवरच पाळत ठेवायला लागले, की आता सुचेल तेव्हा बघूच कसं सुचतं ते. आणि तिथेच सगळं बिघडलं. झोप कशी येते ते बघत पडलं तर झोप येते का कधी? तसंच, सुचेनाच. पेन्सिल हातात, कागद समोर, आणि हे आपले खिडकीबाहेर बघताहेत. घरी आले की गप्प. पूर्वीही गप्पच असायचे म्हणा, पण ते वेगळं गप्प होतं. एकदा चप्पल काढता काढता म्हणाले, "परत कधी सुचलंच नाही तर गं?"

आता त्या गोड पोरीला रोज 'माहीत नाही' कसं म्हणायचं? म्हणून ह्यांनी सरळ थापा मारायला सुरुवात केली. जुनी फुलं समोर घ्यायची आणि ठोकून द्यायचं. "पहिलं पान झोपणाऱ्याच्या कुशीकडे झुकवायचं." "तिसरं फूल जरा चिडकं काढायचं, सगळीच हसरी असली की चादर खोटी वाटते." "एक कळी अर्धवट सोडायची, बघणाऱ्याला काम राहतं." पोरगी माना डोलावून टिपत होती. घरी येऊन हे मला सांगायचे आणि मी पोट धरून हसायचे. चिडकं फूल म्हणे!

आणि मग त्या कॉम्प्युटरने त्या थापांवरून चादर काढली. मालक खूश, दुकानदार खूश, सगळ्यांनी ह्यांना पेढ्यांत बुडवायचं तेवढं बाकी ठेवलं. हे घरी आले ते तोंडात मारल्यासारखा चेहरा करून.

"अगं, चांगली झाली."

"मग रडता काय?"

"माझ्यापेक्षा चांगली झाली. ते तिसरं फूल खरंच चिडकं आहे गं."

"पण तुम्ही तर थापा मारल्या होत्या!"

"तेच तर ना!"

दुसऱ्या दिवशी जाऊन ह्यांनी त्या पोरीला खरं सांगून टाकलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "असू दे की काका. थापा तर थापा, सुचल्या तुम्हालाच ना?" चादर कोणाची म्हणायची? ह्यांची म्हणावं तर ह्यांनी रेघ ओढलेली नाही. कॉम्प्युटरची म्हणावं तर त्याला चिडणं माहीत नाही. माझं तर डोकंच चालेना.

सुट्टीच्या दिवशी सकाळी हे कागद घेऊन बसले होते. चहा गार झाला तरी कागद कोराच. मला राहवेना. म्हटलं, "अहो, नाही ना सुचत? मग मला थाप मारा. तुम्ही न काढलेलं फूल सांगा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला लागले. लाजाळू आहे म्हणाले, पाठमोरं आहे. देठाने मान वळवलीये, कोणीतरी हाक मारल्यासारखी. एक पाकळी ऐकतेय, बाकीच्यांना पत्ताच नाही. रंग विचारला तर म्हणाले, अजून ठरलेला नाही, ते फूल कोणाकडे बघेल त्यावर आहे. इतकं बोलताना मी ह्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते फूल दिसलं हो! शपथेवर सांगते, दिसलं. मी घाईघाईने पेन्सिल हातात दिली. "काढा, काढा, सुचलंय तुम्हाला!"

ह्यांनी पेन्सिल टेकवली. थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली.

"सांगता येतंय गं," हे म्हणाले. "हात उठत नाही."

मला रडूच फुटलं. आणि हे? हे म्हणाले, "थांब, देठावरचं पान सांगायचं राहिलंय," आणि सांगत बसले. चेहरा असा खुललेला, की त्यांना थांबवावं की ऐकावं तेच मला कळेना. मी डोळे पुसले आणि ऐकत राहिले.