हलका फोटो

माझ्या कॉम्प्युटर क्लासला दोनच तऱ्हेचे लोक येतात. नोकरी हवी असलेले, नाहीतर आईबापांनी ढकललेले. किल्लीवाले काका या दोन्हींत बसत नव्हते. साठी उलटलेली, बोटांच्या टोकांत पितळेची काळपट भुकटी कायमची मुरलेली. एका दुपारी दुकान बंद ठेवून ते लाँड्रीवरच्या आमच्या खोलीत जिना चढून आले, माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ही वेबसाइट लवकर उघडेल असं काहीतरी शिकवा."

कागदावर त्यांच्या बायकोचा फोटो होता. वर 'हरवल्या आहेत', खाली वेबसाइटचा पत्ता. काकूंना विसरण्याचा आजार होता. सतरा दिवसांपूर्वी काका आंघोळीला गेले तेवढ्यात त्या दाराबाहेर पडल्या, त्या पडल्याच. गल्लीतले लोक काकांच्या तोंडावर म्हणत, "जगाला कुलपं विकतो आणि स्वतःचं दार सताड उघडं!" खरं म्हणजे दाराला कुलूप घालायचं काकांनीच नाकारलं होतं. "चाळीस वर्षं संसार केला, आता तिला कोंडून ठेवू?" हे ते माझ्याशी एकदाच बोलले.

वेबसाइट कुणीतरी ओळखीवर फुकट करून दिली होती, आणि फुकटच्या कामाचा सगळा थाट तिच्यात होता. सरकणारी चित्रं, मागे वाजणारं संगीत, कोपऱ्यात उमलणारं फूल. उघडायला तेवीस सेकंद. काका बसस्टॉपवर उभं राहून पाहून आले होते. लोक कागद वाचतात, फोन काढतात, पत्ता टाकतात, कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. तेवढ्यात बस येते आणि फोन खिशात जातो.

"नऊ जण मोजले मॅडम. एकालाही तिचं तोंड दिसलं नाही."

मी तशी तापट बाई, आणि जड वेबसाइट पाहिली की माझा पारा आणखी चढतो. मी म्हटलं, हे सगळं फेकून द्या, मी तुम्हाला स्टॅटिक साइट जनरेटर शिकवते. मजकूर साध्या फाइलीत लिहायचा, एक आज्ञा द्यायची, की सगळी पानं एकदमच तयार होऊन बसतात. कुणी पत्ता टाकला की तयार पान जसंच्या तसं त्याच्या हातात. काकांनी जरा विचार केला. "म्हणजे गिऱ्हाईक आल्यावर किल्ली घासत बसायचं नाही. आधीच घासून खिळ्याला टांगून ठेवायची."

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं. माउस त्यांच्या हातात साबणासारखा निसटायचा. एक स्पेस इकडची तिकडे झाली की सगळी साइट बोंबलायची, पडद्यावर लाल ओळी यायच्या, आणि काका त्या लाल ओळींची माफी मागितल्यासारखे पुटपुटायचे. मी ओरडायचे. "काका, कालच सांगितलं ना!" ते मान हलवून पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचे. राग म्हणून नाही. उशीर झाला तर तिचं काय होईल, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

पानावर त्यांना 'आज इतकावा दिवस' असं हवं होतं. पान आधीच तयार झालेलं असतं, त्यामुळे तो आकडा आपोआप हलत नसे. म्हणून ते रोज सकाळी दुकानाआधी क्लासला येत, आज्ञा देत, नवं पान चढवत. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. तो आकडा स्वतःच्या हातानं वाढवताना त्यांच्याकडे बघवत नसे.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच आकड्यावर होतं. साइट किती वेगानं उघडते याला शंभरपैकी गुण देणारी एक चाचणी असते. आमचे अठ्ठ्याऐंशीवर अडले. अडवत होता तो फोटो. काकूंचा मोठा, स्वच्छ फोटो, त्याचं वजन चार एमबी.

"हलका करा," मी म्हटलं.

त्यांनी केला. एक्क्याण्णव.

"अजून हलका करा."

"चेहरा जरा धूसर होतोय मॅडम."

"फोनवर कुणाला कळतंय! उघडलाच नाही तर स्वच्छ फोटो काय कामाचा?"

खाली त्यांनी वर्णनही लिहिलं होतं. उंची, साडीचा रंग, डाव्या भुवईतून गेलेला बारीक व्रण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दुकानातल्या फळीवरून कुलूप पडून झालेला. मी म्हटलं, एवढं कुणी वाचत नाही, हे आत 'अधिक माहिती'मध्ये टाका, बाहेर फोटो आणि नंबर पुरे. त्यांनी तेही निमूट ऐकलं. अडतिसाव्या दिवशी आम्हाला शंभर मिळाले. पान बोट टेकताच उघडायला लागलं. मी सगळ्या क्लासला टाळ्या वाजवायला लावल्या. काकाही हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

फोन आला नाही. काका आकडा वाढवत राहिले.

एकसष्टाव्या दिवशी त्यांना पोलीस चौकीत बोलावलं आणि बेवारस मृतांचे फोटो दाखवले. सातव्या फोटोत ती भुवई होती. आम्ही दोघं शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये गेलो. अकरा दिवसांपूर्वी काकू तिथे वारल्या होत्या. मागचं सगळं नियमाप्रमाणे उरकलेलं होतं, आमच्या हातात एक पावती मिळाली.

वॉर्डातली नर्स भली बाई होती. काकांचा हात धरूनच बोलली. "काका, तुमचं पान मी बघितलं होतं. एका पेशंटच्या मुलीनं पत्ता दाखवला. लगेच उघडलं हो, अगदी पटकन. पण आमच्या आजींचे केस कापलेले, गाल बसलेले, ओळख पटायला फक्त ती भुवई. मी फोटो मोठा करून बघितला. नुसते चौकोन चौकोन दिसले. म्हटलं, या बाईंना व्रण नाही, या त्या नव्हेत."

"कधी?" काकांनी विचारलं.

"त्या जायच्या आधी नऊ दिवस असेल. दाराकडे बघत बसायच्या."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "नऊ दिवस मॅडम. मी रोज सकाळी त्याच फोटोवर आकडा बदलत होतो."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले. मी ओरडले नाही. त्यांनी आकडा काढून टाकला. हलका फोटो काढून मूळचा चार एमबीचा चढवला, व्रणाची ओळ बाहेर आणली, आज्ञा दिली. एकही लाल ओळ आली नाही. मग संगणक बंद करून ते जिना उतरले, ते पुन्हा आले नाहीत. आता घराबाहेर पडताना ते दाराला कुलूपही लावत नाहीत, असं लाँड्रीवाला सांगतो.

क्लासच्या भिंतीवरचा तो शंभर गुणांचा कागद मी फाडला. विद्यार्थी विचारतात, मॅडम, फोटो किती हलका करायचा? मी त्यांना तो मोठा करून बघायला लावते.

बसस्टॉपवर उभी असले की मी ते पान उघडते. आता वेळ लागतो. बस येते, मी जाऊ देते. फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आधी केस, मग कपाळ, मग डावी भुवई. व्रण अगदी स्पष्ट दिसतो.