दोन्या तेओदुलाची हाक

आमच्या बेनारोसा गावात मानुएल रुईस नावाची माणसं किती, हे मोजायला बसलात तर भाजी करपेल. म्हणून कोणी मोजत नाही. एक मानुएल टकल्या, एक जळका, एक उंदरांच्या घरातला, एक नकटीचा. टकल्याच्या डोक्यावर मेंढरासारखे दाट केस आहेत. टक्कल होतं ते त्याच्या पणजोबांना. पण नाव एकदा घराला चिकटलं की पिढ्या जातात, नाव जात नाही. आमचं घर ग्रीयो, म्हणजे रातकिड्यांचं. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून मी ग्रीया. माझं देवळातलं, बाप्तिस्म्याचं नाव विचाराल तर मला क्षणभर थांबावं लागतं.

हे सगळं तेओदुलाला कुठून ठाऊक असणार? ती उत्तरेची, बुर्गोसची. गावात टेलिफोन एक्स्चेंज उघडलं तेव्हा कंपनीनं तिला आमच्याकडे पाठवलं. उंच, शिडशिडीत, भर ऑगस्टात अंगात लोकरीचं जाकीट. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या दारासमोरच्या घरात तिचं ते वायरींचं खोकं बसलं, आणि गावानं तिला लगेच ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायला सुरुवात केली. दोन्या तेओदुला. डॉक्टरीणबाईंना दोन्या म्हणतात, जमीनदारणीला म्हणतात, आणि जिच्याशी काय बोलावं ते कळत नाही तिलाही म्हणतात.

पहिल्याच दिवशी बार्सिलोनाहून ट्रंक कॉल आला. तेओदुला दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “श्रीयुत मानुएल रुईस कोर्देरो! आपला फोन!”

चौकात कारंज्याच्या कट्ट्यावर चांगले चार-पाच मानुएल रुईस ऊन खात बसले होते. एक हलला नाही. प्रत्येकाला वाटलं, श्रीयुत म्हणजे कोणीतरी बडी असामी असणार. मी खिडकीतून ओरडले, “अहो बाई, केमाओ म्हणा, केमाओ!”

“म्हणजे जळका? असं कसं म्हणू? त्यांचा अपमान होईल!”

“तसं म्हणाला नाहीत तर फोन जाईल. मग होईल तो खरा अपमान.”

फोन गेलाच. जळक्याची लेक तिकडे पैसे भरून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली असेल. तेओदुलाला ते फार लागलं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्या ओट्याशी बसून एकेका घराचं नाव विचारायची आणि पाठ करायची. महिन्याभरात तिला गाव माझ्यापेक्षा बरं यायला लागलं.

फक्त एक गोष्ट तिला जमेना. आमच्या बाजूला माणसं शब्दाचा शेवट गिळतात. हवाच अशी आहे, तोंड फार वेळ उघडं ठेवलं तर घसा सुकतो. टकल्याला पेलादो लिहितात, पण म्हणताना पेलाओ. उंदरांना रातोनेस लिहितात, म्हणताना रातोने. मला लिहिण्यातलं फारसं कळत नाही, दोन हिवाळे शाळेत गेले तेवढीच. पण कानाला कळतं. तेओदुला मात्र प्रत्येक अक्षर धुऊन, वाळवून, घडी करून हातात द्यायची. पे-ला-दो. रा-तो-नेस. गुत्त्यात तिच्या नकला व्हायच्या. पेलाओ म्हणायचा, “बाईनं माझ्या नावाला इस्त्री केली रे! आता हे रोज कसं वापरू?”

हसले ते हसले, पण गाव तिच्यावर विसंबून राहायला लागलं. आमची अर्धी पोरं बार्सिलोनाला, उरलेली जर्मनीला. बारसं, भांडण, नोकरी लागली, नोकरी गेली, सगळं तिच्या कानावरून जायचं. तिच्या तोंडून कधी एक शब्द बाहेर आला नाही. मी किती खोदून विचारलं! आनंदाची बातमी असली की ती दारातून हाक मारायची. वाईट बातमी असली की ओरडायची नाही. जाकिटाची बटणं लावून स्वतः चालत जायची, कडी वाजवायची आणि हळूच म्हणायची, “पेलादो, या माझ्याबरोबर.” म्हणून ती चालत निघाली की गल्लीतल्या बायका हातातलं काम ठेवून उभ्या राहायच्या.

वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, माझे कमी झाले. आणि मग घरोघरी फोन आले. कंपनीच्या माणसांनी खोकं उचलून ट्रकात टाकलं. त्याच आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी लसूण सोलत होते. तीही सोलायला लागली.

“ग्रीया, मी जाते. सिन्क्लेतिका बोलावतेय कधीची.” सिन्क्लेतिका तिची धाकटी बहीण. “संत मार्कोसचा सण झाला की सोमवारच्या बसनं.”

“का म्हणून? घर तुमचं आहे, कंपनी पेन्शन देणार आहे. तिथं थंडीनं बोटं गळतील.”

“इथं मी कोण आहे सांगा. तुमच्या गावात गाढवाला टोपणनाव आहे. पुलाजवळच्या त्या वाकड्या अंजिराला आहे. मला? दोन्या. आले तेव्हाही दोन्या, आताही दोन्या. पाहुणीला म्हणतात दोन्या. आणि पाहुण्यानं किती राहावं?”

मी लसणाची पाकळी तोंडात टाकली, म्हणजे तोंड बंद राहील. कारण तेओदुलाला टोपणनाव होतं! पहिल्या आठवड्यापासून होतं. तिच्यामागे सगळं गाव तिला त्याच नावानं ओळखायचं, मीसुद्धा. पण आमच्याकडे माणसाचं नवं नाव त्याच्या तोंडावर म्हणत नाहीत. घराला आयतं नाव असलं तर प्रश्न नाही. नवं असलं तर ते पहिल्यांदा तोंडावर म्हणायचं संत मार्कोसच्या दिवशी, भर चौकात, सगळ्यांनी मिळून. त्याआधी एकट्यानं सांगितलं तर ती शिवी होते.

संत मार्कोसला चौकात काहिली चढतात. मेंढीचं मटण, तमालपत्र, लाल मिरचीची पूड, वाइन. हाक मारणारा कारंज्याच्या पायरीवर उभा राहून एकेका घराचं नाव पुकारतो, आणि ते घर आपलं भांडं घेऊन उठतं. नाव नीट पुकारलं नाही तर घर बसून राहतं, मटण गार झालं तरी. आणि सगळ्यांत शेवटी हाक मारणाऱ्याचं घर. त्याला स्वतःला कसं पुकारता येणार? म्हणून त्याला अख्खा चौक हाक मारतो. तेओदुला एकटी, दरवर्षी आमच्याच घराच्या हाकेवर जेवायची, म्हणून तिच्या नावाची पाळी कधी आलीच नव्हती.

ही हाक कितीतरी वर्षं आमचा कुर्रो मारायचा. कुर्रो म्हणजे माझा नवरा. पण त्या वसंतात त्याचे दात काढले होते आणि कवळी अजून आली नव्हती.

“कुर्रो, यंदा हाक दोन्या तेओदुलाला मारू दे.”

“का? मला काय फालंय?”

“हेच झालंय. बोललास की शिट्टी वाजते. गावातली कुत्री गोळा होतील.”

“माझ्या बापानं मारली हाक, त्याच्या बापानं—”

“त्यांना दात होते.”

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला तेवढीच विश्रांती. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बरं. पण तिला ती अक्षरं गिळायला शिकव. नाहीतर चौक हसून मरेल.”

तेओदुला आधी नाहीच म्हणाली. मग तिनं विचारलं, “शेवटची हाक माझी असेल ना?”

“असेल.”

“मग ठीक आहे. चौक मला ‘दोन्या’ म्हणाला, तर सोमवारी बस. आणि मी भांडं आणणार नाही. रिकामं परत न्यायला लाज वाटेल.”

शिकवणी सुरू झाली. मी कणीक मळायची, ती समोर उभी.

“पेलादो.”

“गिळा तो द. जिभेवर आला की गिळा.”

“पेला... दो. आलाच बघा. माझी जीभ बुर्गोसची आहे हो.”

“तोंडात गरम बटाटा आहे असं समजा.”

“मग मी काहीच बोलणार नाही. तोंडात घास असताना बोलू नये.”

असं आठवडाभर. शेवटी जमलं तिला, पण कुणी घसा धरल्यासारखं वाटायचं.

मला दुसरीच काळजी होती. ते नाव तिच्या तोंडावर म्हणणार कोण? सुरुवात झाली होती ती थट्टेनंच. मी गुत्त्यात जाऊन पेलाओला गाठलं.

“रविवारी, संत मार्कोसला, तिच्या नावाची पहिली हाक तू दे.”

“मी? बाईंच्या तोंडावर?” त्यानं टोपी काढली आणि परत घातली. “गावातला सगळ्यांत सरळ माणूस ती. तिला वाटेल, इतकी वर्षं हसत होतो.”

“हसतच होतो की.”

“म्हणून तर!”

रविवारी चौक भरला. तेओदुला पायरीवर चढली. इस्त्रीचा काळा झगा, वर ते जाकीट, जाकिटावर शाल. एप्रिलचं कडक ऊन, पण तिला काय त्याचं! मी काहिलीशी डाव घेऊन उभी. 

“पेलाओ!” तिनं पुकारलं. द अगदी बेमालूम गिळला. मला अभिमान वाटला.

पेलाओ हलला नाही. भांडं मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. तेओदुलाचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा म्हणाली, “पेलाओ!”

“दोन्या,” पेलाओ म्हणाला, “तब्येत बरी नाही का तुमची?”

“का? चुकलं? ग्रीयानं शिकवलंय तसंच म्हणतेय.”

“अहो, अशी हाक मला बायको दिवसभर मारते. ती ऐकायला इथं कशाला येऊ? माझी लेक जर्मनीत बाळंत झाली तेव्हा तुम्ही दारातून जी हाक मारलीत, ती मारा. बार्सिलोनाला माझी म्हातारी वारली तेव्हा कडी वाजवून जी मारलीत, ती मारा. तुमच्या तोंडून माझं नाव तेच.”

मागून जळका ओरडला, “बरोबर आहे! मलाही माझं नाव सबंध पाहिजे!”

“आणि आम्हाला शेपटीसकट!” उंदरांच्या घरातून आवाज आला.

तेओदुलानं माझ्याकडे बघितलं. मी डाव वर केला. माझी आठवडाभराची शिकवणी गेली पाण्यात, जाऊ दे. तिनं शाल सारखी केली आणि म्हणाली, “पे-ला-दो!”

पेलाओ असा उठला की जणू पुन्हा जर्मनीहून फोन आलाय. मग के-मा-दो उठला. रा-तो-नेस उठले, आजीपासून नातसुनेपर्यंत सगळे. ग्री-योस म्हटल्यावर आमचा कुर्रो बोळकं पसरून हसत आला आणि मला म्हणाला, “माझ्यापेक्षा बरं म्हणते.” कुर्रोनं हे कबूल केलेलं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

घरं संपली. काहिलीच्या तळाशी थोडं मटण उरलं. तेओदुला पायरीवर उभी, हात शालीत. चौक गप्प. पेलाओनं तोंड उघडलं आणि मिटलं. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, गेली ही सोमवारी.

तेवढ्यात उंदरांच्या घरातली रातोना आजी, नव्वदीची, कानानं ठार बहिरी, तिला शांतता पसरलीय हेच कळलं नव्हतं. ती रोज बोलते तशी मोठ्यांदा शेजारणीला म्हणाली, “लान्तेरीताला वाढलं का गं कोणी?”

मग काय! बांध फुटल्यासारखा सगळा चौक ओरडला, “लान्तेरीता! लान्तेरीता!”

ला एन्तेरीता म्हणजे ‘ती अख्खी’, आमच्या तोंडी लान्तेरीता. जिचं काहीच मोडलेलं, गिळलेलं नाही ती.

तेओदुलानं हात वर केला. चौक शांत झाला.

“हे केव्हापासून?”

पेलाओनं टोपी छातीशी धरली. “पहिल्या आठवड्यापासून, दोन्या. राग मानू नका.”

“पहिल्या आठवड्यापासून!” तिनं चष्मा काढला, जाकिटाच्या बाहीला पुसला, परत लावला, परत काढला. “आणि इतकी वर्षं म्हणताय, तरी चुकीचं म्हणताय. लान्तेरीता काय? ला. एन्-ते-री-ता. एकही अक्षर खायचं नाही. म्हणा!”

चौकानं प्रयत्न केला. भल्याभल्यांच्या जिभेला गाठी पडल्या. कुर्रोची शिट्टी वाजली आणि खरंच एक कुत्रं आलं.

ती पायरी उतरून माझ्यासमोर आली. शालीतून हात बाहेर काढला, तर हातात दुधाचं छोटं पातेलं. लख्ख घासलेलं.

“आणणार नव्हतात ना?” मी म्हणाले.

“गरम बटाटा तोंडात धर आणि वाढ,” ती म्हणाली. मला ‘तू’ म्हणाली. मी तळापर्यंत खरवडून वाढलं.

सोमवारी बसवाल्यानं तिच्या दारासमोर दोनदा हॉर्न दिला. खिडकीतून तिनं हात केला, जा म्हणून.

शरद ऋतूत सिन्क्लेतिकाच आली, बहिणीला न्यायला. अजून इथंच आहे. बसमधून पेट्या उतरायच्या आत गावानं तिला नाव ठेवलं होतं. काय ते मी इथं सांगणार नाही. तिला अजून माहीत नाही, आणि संत मार्कोसला बराच अवकाश आहे.